मिठागरात कोण थांबणार?

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर सांता पोला नावाचं गाव आहे आणि त्याला लागून मिठागरं आहेत. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं आणि शेवटी मीठ ओढायचं, हे काही शिरोड्याच्या किंवा उरणच्या माणसाला समजावून सांगायला नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ धरायला लागतं तोवर खारटपणा जवळपास दहापट झालेला असतो. त्या पाण्यात मासा टिकत नाही, गवत टिकत नाही, पण पाण्याला लालसर झाक येते आणि ती झाक जिवंत असते. अब्जावधी सूक्ष्मजीव तिथे सुखाने राहतात. त्यांना उलट मीठ कमी पडलं तर सोसत नाही.

१९८९ साली फ्रान्सिस्को मोहिका नावाचा तरुण जवळच्याच आलिकान्ते विद्यापीठात पीएचडीला लागला. विषय असा, की या मिठागरातला ‘हॅलोफेरॅक्स मेडिटरेनी’ हा सूक्ष्मजीव कमी-जास्त मिठात कसा निभावतो. लग्नाच्या बाजारात सांगण्यासारखा हा विषय नव्हे. त्या जीवाच्या डीएनएचा एक तुकडा वाचताना मोहिकाला काहीतरी चमत्कारिक दिसलं. ३० अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा येत होता, आणि दर दोन आवृत्त्यांच्या मध्ये सुमारे ३६ अक्षरांचा मजकूर होता, तो मात्र दर वेळी वेगळा. त्याला वाटलं, वाचण्यात चूक झाली. पुन्हा वाचलं, तेच. ग्रंथालयात शोधल्यावर कळलं, की जपानमध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्येच ‘ई. कोलाय’ या आपल्या आतड्यातल्या जीवाणूत असाच नमुना दिसला होता, आणि याचा अर्थ काय ते ठाऊक नाही असं लिहून त्यांनी तो विषय तिथेच सोडला होता. मोहिकाने सोडला नाही. १९९३ मध्ये त्याने आपलं निरीक्षण छापलं. मग अर्थ लावायला घेतला आणि पहिला अंदाज साफ चुकला. पेशी दुभंगताना डीएनएची वाटणी करायला या आवृत्त्या उपयोगी पडत असतील असं त्याला वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

पुढची वर्षं फार काही घडलं नाही, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थोडा काळ ऑक्सफर्डला काढून मोहिका आलिकान्तेला परतला. तिथे त्याच्याकडे प्रयोगशाळा उभारायला पैसा नव्हता, जागा नव्हती. नोकरी होती. संगणक होता आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचून सर्वांसाठी खुले ठेवलेले डीएनएचे साठे होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये, बाहेर ऊन रणरणत असताना, तो खोलीत बसून आवृत्त्यांच्या मधले ते वेगवेगळे मजकूर एकेक करून साठ्यांशी ताडून पाहत होता. एक जुळला. ‘ई. कोलाय’च्या एका वाणातला तुकडा पी-१ नावाच्या विषाणूच्या डीएनएशी जुळत होता आणि नेमका तोच वाण पी-१ ला दाद देत नाही हे आधीच माहीत होतं. मग त्याने सुमारे ४,५०० तुकडे तपासले. त्यातल्या ८८ तुकड्यांचं कुठल्या ना कुठल्या ज्ञात डीएनएशी साम्य निघालं, आणि त्या ८८ पैकी दोन तृतीयांश विषाणूंचे किंवा तसल्याच घुसखोर डीएनएचे होते. म्हणजे सूक्ष्मजीव आपल्या शत्रूंची नोंद ठेवत होते. हे लिहून पाठवलेला लेख एकामागून एक चार नामांकित नियतकालिकांनी परत केला. अखेर २००५ मध्ये तो छापून आला. पहिल्या निरीक्षणानंतर बारा वर्षांनी.

या आवृत्त्यांच्या रांगेला क्रिस्पर म्हणतात, आणि तिच्यावर चालणाऱ्या संरक्षणावरूनच पुढे हवा तो डीएनए कापण्याचं साधन घडलं. आपल्याकडे क्रिस्परची गोष्ट सांगताना सहसा २०१२ पासून सुरुवात होते आणि २०२० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपाशी ती संपते. ते नोबेल मिळवणाऱ्या एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांचं श्रेय वादातीत आहे. पण ‘जनुकांची कात्री’ या मथळ्याखाली मिठागर गडप होतं, आणि त्याबरोबर एक सार्वजनिक प्रश्नही गडप होतो. असा शोध लागायला काय लागतं? माझं उत्तर साधं आहे. टिकून राहिलेली जागा लागते आणि त्या जागेपाशी टिकून राहिलेला माणूस लागतो. कोकणात आपण सध्या दोन्ही मोडीत काढतो आहोत.

त्याआधी ही व्यवस्था चालते कशी ते नीट पाहू, कारण वरवर ऐकलं तर ती जादू वाटते आणि जादूसाठी कोणी पैसे मंजूर करत नाही.

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. या विषाणूंना फेज म्हणतात. समुद्राच्या चमचाभर पाण्यात ते कोट्यवधी असतात. फेज जीवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि आतली सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. थोड्या वेळात जीवाणू फुटतो आणि नवे फेज बाहेर पडतात. पण एखादा जीवाणू या तडाख्यातून वाचतो. त्याच्याकडची दोन प्रथिनं, कॅस-१ आणि कॅस-२, घुसलेल्या डीएनएतला तीसेक अक्षरांचा तुकडा उचलतात आणि जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएत त्या आवृत्त्यांच्या रांगेत बसवतात. बसवायची जागा ठरलेली, रांगेच्या तोंडाशी.

वाडीतल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यांपुढे आणा, फक्त ती उलटी लिहिलेली, ताजं नाव सगळ्यात वर. दर दोन नावांमध्ये तीच ठरलेली रेघ. ही वही गल्ल्यात पडून राहिली तर वसुली होत नाही. एकेका नावाची चिठ्ठी फाडून पोराच्या हातात द्यावी लागते. पेशीत नेमकं हेच होतं. सगळ्या रांगेची आधी आरएनएच्या (डीएनएच्याच भावकीतल्या रेणूच्या) रूपात एक लांबलचक नक्कल निघते. मग तिचे छोटे तुकडे पाडले जातात, एका तुकड्यात एकाच शत्रूची ओळख. हा छोटा आरएनए म्हणजे ती चिठ्ठी. कॅस जातीची प्रथिनं ती घेऊन पेशीभर फिरतात आणि समोर येणाऱ्या डीएनएशी ताडून पाहतात. अक्षराला अक्षर जुळलं की त्या डीएनएचे तुकडे.

चिठ्ठीचं हे काम छोटा आरएनएच करतो हे २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या स्टॅन ब्राउन्स आणि जॉन फान डर ओस्ट यांच्या गटाने दाखवलं. ‘ई. कोलाय’मधली पाच प्रथिनं मिळून एक जथा बनवतात, लांब नक्कल कापतात आणि साठेक अक्षरांचा तुकडा आपल्यापाशी ठेवून घेतात. या गटाने नुसतं निरीक्षण केलं नाही. लॅम्डा नावाच्या फेजविरुद्धच्या नोंदी त्यांनी स्वतः रचून जीवाणूत घातल्या, आणि त्या जीवाणूंवर लॅम्डाचा जोर चालेना. वर्षभर आधी, २००७ मध्ये, रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी दह्याच्या विरजणातल्या ‘स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस’वर फेज सोडून वाचलेल्या जीवाणूंच्या रांगेत त्याच फेजचे नवे तुकडे आलेले दाखवले होते. ते दानिस्को नावाच्या खाद्यघटक बनवणाऱ्या कंपनीत काम करत. विरजण बिघडलं तर टाक्याच्या टाक्या ओतून द्याव्या लागतात, म्हणून कंपनीला फेजची काळजी. या संबंध इतिहासात पैशाचा उघड हिशेब असलेला टप्पा बहुधा हा एकच.

आता एक प्रश्न साहजिक पडतो. शत्रूचा तुकडा जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही बसलेला आहे, मग चिठ्ठी घेऊन फिरणारं प्रथिन स्वतःच्याच वहीवर का तुटून पडत नाही? तर विषाणूच्या डीएनएत त्या तुकड्याच्या शेजारी दोन-तीन अक्षरांची एक खूण असते, आणि तुकडा उचलून रांगेत बसवताना ती खूण बरोबर येत नाही. अनेक प्रकारांत प्रथिन आधी खूण पाहतं, मग चिठ्ठी. एवढ्याशा फरकावर आपलं आणि परकं ठरतं. मी हे वर्गात शिकवताना पोरं पेन खाली ठेवून ऐकतात असा माझा अनुभव आहे. परीक्षेत किती लिहितात ते वेगळं.

आणखी एक गोष्ट. ही नोंद डीएनएतच असल्याने पेशी दुभंगली की ती लेकरांकडे जाते. आपल्याला गोवर झाला तर आपली प्रतिकारशक्ती आपल्याबरोबर संपते. जीवाणूच्या पणतूला पणजोबाच्या दुखण्याची आठवण जन्मतःच असते.

विषाणूही हात बांधून बसलेले नाहीत. खुणेतलं एखादं अक्षर बदललं तरी त्यांना पुन्हा वाट मिळते. कॅस प्रथिनांना जाम करणारी प्रथिनं बाळगणारे फेज २०१३ मध्ये सापडले. त्याच वर्षी किंबर्ली सीड आणि अँड्र्यू कॅमिली यांच्या गटाने याहून अफलातून प्रकार उजेडात आणला. बांगलादेशातल्या पटकीच्या रुग्णांकडून मिळालेल्या आयसीपी-१ या फेजकडे स्वतःचीच क्रिस्पर व्यवस्था निघाली. पटकीच्या जीवाणूचं एक वेगळंच संरक्षण आहे आणि ते मोडायला हा विषाणू जीवाणूंचंच हत्यार वापरतो. पटकीचा जीवाणू खाडीमुखाच्या निमखाऱ्या पाण्यात राहतो, बारीक कवचधारी जीवांना चिकटून. भाट्याची खाडी असो की दाभोळची, तसं पाणी आपल्याकडे मुबलक आहे.

मग शार्पांतिएंनी २०११ मध्ये घसादुखीच्या जीवाणूत दुसरा एक छोटा आरएनए शोधला, २०१२ मध्ये दोन्ही आरएनए जोडून एक केला गेला, म्हणजे हवी ती चिठ्ठी देऊन कॅस-९ या कापणाऱ्या प्रथिनाला हव्या त्या डीएनएवर सोडता येऊ लागलं, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

आता कोकणाकडे येतो. आजवर वाचल्या गेलेल्या जीवाणूंपैकी साधारण चाळीस टक्क्यांकडे क्रिस्पर आढळतं. आर्किया या जीवाणूंसारख्याच दिसणाऱ्या, पण वेगळ्या कुळातल्या एकपेशी सूक्ष्मजीवांमध्ये हेच प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर जातं. (मोहिकाचा हॅलोफेरॅक्सही काटेकोरपणे बोलायचं तर जीवाणू नव्हे, आर्किया आहे. या लेखात मी त्यांना सैलपणे एकत्र घेतलं आहे, जाणकारांनी चालवून घ्यावं.) जिथे आर्किया सुखाने राहतात अशा अतिखाऱ्या आणि अतिगरम जागा म्हणजे या व्यवस्थेची माहेरघरं. कोकणात दोन्ही आहेत. शिरोड्याची मिठागरं, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, पेण-उरणची, भाईंदर-वसईची. आणि गरम पाण्याचे झरे: दापोली तालुक्यात उन्हवरे, संगमेश्वरात तुरळ, राजवाडी, अरवली, राजापुरात उन्हाळे, महाडजवळ सव, वर वज्रेश्वरी-गणेशपुरी. १९६० च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जीवाणू वेगळा काढला. त्याच्या एका विकरावर पीसीआर चाचणी उभी राहिली. कोविडच्या काळात पीसीआरसाठी नाकात काडी घालून घेतलेल्या प्रत्येकाचा त्या झऱ्याशी दूरचा संबंध आला.

आपल्याकडे कोणी काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गोव्यात रिबंदरच्या मिठागरांतल्या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांवर चांगलं काम झालेलं आहे. दोना पावलाला, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पणजीच्या उत्तरेला मात्र चित्र विरळ होत जातं.

आणि इथे सांता पोलाला नसलेला एक प्रश्न आपल्याकडे आहे. त्यांच्याकडे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. शिरोड्याकडे त्याच्या दहापट, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात मिठाने जाड झालेलं वाफ्यातलं पाणी जुलैत जवळपास गोडं होतं. मिठावाचून न जगणारे ते जीव तेव्हा कुठे जातात? तळच्या चिखलात तगून राहतात, की पुढच्या हंगामात खाडीच्या पाण्याबरोबर नव्याने येतात? त्यांचे फेज त्यांच्याबरोबर तगतात की मागे पडतात? रांगेत ताजी नोंद तोंडाशी बसते हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे एकाच वाफ्यातल्या जीवांची रांग पावसाआधी आणि पावसानंतर वाचली, आणि हे काही वर्षं चिकाटीने केलं, तर कोणता विषाणू कोणत्या हंगामात आला त्याची बखर हाती लागावी. कोणाची जुनी आठवण गळाली, कोणाची राहिली, तेही कळेल. हा प्रश्न दिल्लीत किंवा बंगळूरला बसून सुचणं अवघड आहे, आणि सुचला तरी तिथून दर पंधरा दिवसांनी बाटली भरून न्यायला कोण येणार? त्यासाठी मिठागरापासून एसटीच्या अंतरावर राहणारा माणूस लागतो.

तो माणूस आज कोण आहे? किनाऱ्यावरच्या विज्ञान महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर आहेत. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: दर शैक्षणिक वर्षी नव्याने नेमणूक, घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही. एप्रिल-मे हा मिठागराचा ऐन भर, आणि नेमकं तेव्हाच याचं मानधन थांबलेलं असतं. पुढच्या वर्षी आपण याच महाविद्यालयात असू की नाही हे त्याला ठाऊक नसतं. या माणसाने बारा वर्षं लागणाऱ्या प्रश्नाला हात घालावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो शहाणा असेल तर सहा महिन्यांत निबंध निघेल असा विषय घेतो: अमुक झाडाच्या पानांच्या अर्काचा तमुक जीवाणूवर परिणाम. असले निबंध ढिगाने निघतात. त्याला मी दोष देत नाही. मोहिकाकडे पैसा नव्हता हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच्याकडे नोकरी होती हे सांगायचं विसरतो. चार ठिकाणांहून लेख परत आल्यावरही पहिल्या तारखेला पगार येत असेल, तर माणूस पाचव्या ठिकाणी पाठवतो.

जागेचं म्हणाल, तर मिठागर म्हटलं की सरकारदरबारी आणि आपल्याही बोलण्यात ‘पडीक’ हाच शब्द येतो. उरण-पेणकडची कितीतरी मिठागरं बंदर, रस्ते आणि वसाहतींखाली गेली. मुंबईत मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी द्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. धारावीतल्या माणसाला घर हवंच, त्याच्यापुढे मी सूक्ष्मजीव उभे करणार नाही. पण या जमिनीबद्दलच्या वादात पूर, कांदळवन आणि रोहित पक्षी येतात, वाफ्यातल्या पाण्यात काय आहे हा मुद्दा कोणाच्याच बाजूने येत नाही. तिकडे सांता पोलाची मिठागरं संरक्षित निसर्ग उद्यान आहेत, जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत, आणि तिथे मीठही पिकतं. म्हणजे कुलूप लावूनच जपावं लागतं असं नव्हे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांना जैविक संसाधनांच्या व्याख्येत घेतलेलं आहे. गावोगावी समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत आंबा, काजू, कोकम, माशांच्या जाती, पक्षी, एखादी देवराई असं सगळं होतं. सूक्ष्मजीवांचं पान कोरं. ग्रामसेवकाने ते भरावं असं माझं म्हणणं नाही. पण शेजारच्या महाविद्यालयाकडे ते पान भरायला द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि महाविद्यालयानेही मागितलं नाही.

यावर पहिला आक्षेप गावातच येतो: ह्या करून काय गावतला? दवाखान्यात डॉक्टर नाही, उन्हाळ्यात विहिरी आटतात, आणि तुम्ही मिठातले किडे मोजणार. आक्षेप खरा आहे, पण त्यातला हिशेब चुकीचा आहे. पाण्याच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक, वीज गेली तरी थंड राहणारा एक फ्रीझर, वर्षातून काही नमुने वाचून आणायचा खर्च आणि एक कायम पगार, एवढीच ही मागणी आहे. हे पैसे वाचवून दवाखान्यात डॉक्टर येणार नाही; तो न येण्याची कारणं वेगळी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याला झटकन उत्तर देता येत नाही. तुम्ही यशस्वी झालेली गोष्ट निवडून सांगता. मोहिकासारखे शेकडो जण आयुष्यभर कसले कसले तुकडे मोजत बसले आणि त्यातून काही निघालं नाही, त्यांची नावं कोणी घेत नाही. मान्य. शिरोड्याच्या वाफ्यात नोबेल लपलेलं आहे असं मी सांगत नाही, आणि कोणी सांगितलं तर त्याच्यापासून सावध राहावं. माझं म्हणणं इतकंच, की कोणत्या तुकड्यातून काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून अर्जातल्या ‘समाजाला काय फायदा’ या रकान्यावर सगळं ठरवणं फसवं आहे. १९९३ मध्ये मोहिकाने तो रकाना प्रामाणिकपणे भरला असता तर कोरा ठेवावा लागला असता. शिवाय काहीच निघालं नाही असं क्वचित होतं. त्या कामात तयार झालेली पोरं नमुना घ्यायला, डीएनए काढायला, संगणकावर ताडून पाहायला शिकतात. कोळंबीच्या तळ्यात व्हायब्रिओ जीवाणूंनी धुमाकूळ घातला, तर प्रतिजैविकांच्या पुड्या ओतण्याआधी कोणता वाण आहे आणि त्यावर कोणता फेज चालेल हे पाहू शकणारी पोरं तीच. फेजने उपचार करायचे तर त्या जीवाणूच्या वहीत तो फेज आधीच नोंदलेला तर नाही, हे पाहिलं पाहिजे. आणि २०२० मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेने क्रिस्परवर आधारलेली कागदी पट्टीची कोविड चाचणी काही महिन्यांत उभी केली ती साथ आल्यावर पुस्तक उघडून नव्हे. कॅस-९ च्या एका भावंडावर तिथे आधीपासून काम चालू होतं.

तिसरं म्हणणं माझ्या स्वतःच्याच मनात येतं. समजा इथे काही सापडलं, तर फायदा कोणाला? मिठागराने दिलेलं ज्ञान खुलं होतं, खुल्या साठ्यांतून निघालं होतं. त्याच्या वापराच्या पेटंटांवरून मात्र अमेरिकेतल्या मातब्बर संस्था वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिल्या. क्रिस्परवर आधारलेला सिकलसेलचा पहिला उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. पालघर-डहाणूच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी चालते. तिथल्या आईला या आकड्याचा अर्थ लावता येणार नाही, मलाही नीट येत नाही. हे पाहून कोणी म्हणेल, आपण कशाला पाणी भरायचं? मला उलटं वाटतं. ज्या जागेची नोंदच आपल्याकडे नाही, त्या जागेवर हक्क सांगायला आपण कशाच्या जोरावर जाणार? कायद्यात लाभाच्या वाटपाची तरतूद आहे, पण ती लागू व्हायला अमुक जीव अमुक वाफ्यातून अमुक दिवशी घेतला असं कागदावर लागतं. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, तिथे वाण जमा करता येतात. जमा करणारा हवा.

म्हणून मागणी मोठी नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि पालघर या प्रत्येक जिल्ह्यात किमान एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचं एक कायम पद असं असावं, की ज्याच्या नेमणूकपत्रातच जवळचं एक मिठागर किंवा झरा लिहिलेला असेल. दहा वर्षं तिथले नमुने घ्यायचे, जपायचे, वाचायचे, आणि जे निघेल ते खुलं ठेवायचं. निबंधांची संख्या विचारायची नाही. पाच वर्षांनी कोणीतरी जाणत्याने येऊन नमुन्यांच्या नोंदी नीट आहेत का एवढं बघायचं. मिठागर चालवणाऱ्या कुटुंबांना यात सामील करून घ्यायला हवं, कारण कोणत्या वाफ्याला कधी रंग चढतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि आज मीठ ओढणं परवडत नाही म्हणून तीच कुटुंबं एकेक करून बाहेर पडत आहेत. हंगामाला ठरावीक मानधन मिळालं तर काही वाफे तरी चालू राहतील.

झऱ्यांच्या बाबतीत घाई जास्त आहे. गरम पाण्याच्या कुंडांचं सुशोभीकरण हा सध्या आवडता खर्च आहे. कुंडाला फरशी बसते, कठडा येतो, तोंडाशी सिमेंट पडतं, आणि उगमाच्या दगडांवरचा हिरवा-नारिंगी थर घासून काढला जातो, कारण तो घाण दिसतो. पर्यटन वाढावं, कुंड स्वच्छ असावं, याला माझी ना नाही. पण तो थर म्हणजेच तिथले रहिवासी आहेत. पुढच्या कुंडाची निविदा निघेल तेव्हा तिच्यात एक अट घालता येईल: काम सुरू करण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाला कळवावं, उगमाचे नमुने घेऊ द्यावेत, आणि उगमाच्या भोवतीचे दोन हात दगड आहेत तसे सोडावेत. ठेकेदाराचं यात काही जात नाही. जिल्हा परिषदेच्या एका ठरावाचं काम आहे.